मशीन कपाटातून बाहेर काढा, दादा

पत्र :

ताई, नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातला, ओतूरच्या बाजूचा. वय ४९. स्वतःचा टेम्पो आहे. नारायणगावहून तरकारी भरून एक दिवसाआड रात्री माळशेजमार्गे वाशीला जातो, पहाटे माल उतरवून माघारी येतो. घोरणं जुनंच आहे, पण दिवाळीआधी घाटात डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासली. पुण्याच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. झोपेत श्वास थांबण्याचा आजार, स्लीप ॲप्निया म्हणाले. रिपोर्टात एएचआय ४२ आणि ऑक्सिजन ७१ पर्यंत खाली गेल्याचं लिहिलंय. मास्कमधून दाबाने हवा सोडणारं ऑटो सीपॅप मशीन घेतलं, ५५ हजार गेले. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिलाय. बारा दिवस वापरलं. लावलं की सुरुवातीलाच गुदमरतं. मध्यरात्री हवा डोळ्यात जाते. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम झाली. सकाळी तोंडाचं लाकूड झालेलं असतं. पोट फुगतं. नळीत पाणी गुडगुडतं. झोपेत मास्क कधी काढून टाकतो तेच कळत नाही. मंडळी म्हणतात, घरात विमान उतरतंय. ज्यांनी मशीन दिलं ते म्हणतात, होईल सवय. चार दिवस झाले, मशीन कपाटात आहे. विकून टाकू का? आणि वाशीला माल उतरेपर्यंत मी केबिनमध्ये तासभर पडतो, तेव्हाही हे लावायचं असतं का?

उत्तर :

दादा, घाटातली ती रात्र तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले. ताशी ६० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर कुणीही चालवत नसताना जाते. माळशेजला तेवढा सरळ रस्ता किती ठिकाणी आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून मशीनच्या आधी हे मागते : मशीन नीट बसेपर्यंत, निदान तीन आठवडे, रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. बदली ड्रायव्हरला पैसे जातील, दोन खेपांचा नफा जाईल. तुम्ही शेजारी बसा, हिशेब बघा, माल मोजून द्या, पण स्टिअरिंगवर तुम्ही नको. चहाने घटकाभर तरतरी येते. गार वारा आणि मोठ्याने लावलेली गाणी तेवढाही वेळ साथ देत नाहीत. शरीराची महिनोन्‌महिने थकलेली झोप यातल्या कशानेच फिटत नाही.

आता तुमचा प्रश्न. मशीन विकू नका.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं हेच मशीन माझ्या उशाशी आहे आणि तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी बहुतेक मी स्वतः भोगल्या आहेत. त्या भरवशावर सांगते : तुमचं मशीन बिघडलेलं दिसत नाही. तुम्ही आठ तक्रारी लिहिल्यात, पण त्यांची मुळं फार तर तीन आहेत, आणि तिन्हींवर इलाज आहे. ‘होईल सवय’ हे उत्तर मला मान्य नाही. डोळ्यात येणाऱ्या हवेची सवय कुणालाच होत नाही आणि होऊही नये.

रिपोर्टातल्या एएचआय ४२ चा अर्थ तुम्हाला कुणी नीट सांगितला नसावा असं पत्रावरून वाटलं. झोपेच्या प्रत्येक तासात सरासरी ४२ वेळा तुमचा श्वास किमान दहा सेकंद तरी थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. सहा तास झोपलात तर अडीचशे वेळा. हा आकडा पाचच्या आत असेल तर ठीक मानतात, तीसच्या वर गेला की आजार तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे कलतो आणि श्वासाची वाट बंद होते. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो, घुर्र करून श्वास सुरू होतो, आणि यातलं काहीच तुम्हाला सकाळी आठवत नाही. आठवतो तो फक्त थकवा. त्यात रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो.

मशीन यात काय करतं? ते ऑक्सिजन देत नाही, हा गैरसमज गावोगावी आहे. खोलीतलीच हवा ओढून, गाळून, थोड्या दाबाने ते घशात सोडतं आणि त्या हवेचा टेकू लागून वाट उघडी राहते. दाब किती, ते घरी करून बघता येतं. उंच पेल्यात पाणी घ्या, नळी १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. तुमच्या मशीनवर ‘१०’ दिसतं तेव्हा दाब एवढाच असतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणं. मास्कचा कंटाळा आला की मी हे आठवते.

आता पहिलं आणि सगळ्यात मोठं मूळ : गळती. डोळ्यात जाणारी हवा, नाकावरची जखम, सुकलेलं तोंड, विमानाचा आवाज, झोपेत मास्क काढून टाकणं, या पाचही गोष्टी मला मास्कच्या कडेने निसटणाऱ्या हवेकडे बोट दाखवताना दिसतात. मशीन स्वतः फार शांत असतं, पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. वहिनींना जे विमान ऐकू येतंय ते मास्कमधून निसटणाऱ्या हवेचं आहे. एक सूं-सूं मात्र राहणारच. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, उच्छ्वासाची हवा बाहेर जावी म्हणून. ती बुजवायची नाहीत, चिकटपट्टी तर मुळीच लावायची नाही.

गळती झाली की माणूस पट्टे आवळतो. तुम्ही आवळलेत, मीही आवळले होते. तिथेच चूक होते. मास्कची सिलिकॉनची गादी दुहेरी पापुद्र्याची असते, त्यातला पातळ पापुद्रा हवेने फुगून चेहऱ्याला बिलगतो. पट्टे आवळले की तो चेंगरतो, त्याला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून हवा आणखी जोरात निसटते. म्हणून मास्क असा बसवा. आधी तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. रात्री चेहऱ्याला खोबरेल, क्रीम काही नको, तेलावर सिलिकॉन घसरतं. डोक्याला तेल लावायचं असेल तर सकाळी लावा. मग पट्टे सैल सोडून मास्क घाला आणि आडवे व्हा. उभ्याने किंवा बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो, कारण झोपल्यावर गाल आणि जबडा मागे पडतात. आता मशीन सुरू करा. दाब येऊ द्या, मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून जरा उचला, गादी फुगली की अलगद परत टेकवा. खालचे पट्टे आधी, दोन्ही बाजूंचे एकदम, समान ओढा. मग वरचे. पट्टा आणि गाल यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल इतकंच. कुशीवर वळून बघा, हवा निसटली तर तिथेच, त्या स्थितीत, थोडं सावरा.

एवढं करूनही डोळ्यांकडे हवा गेली तर मास्कचं माप चुकलेलं आहे. हे मी ठामपणे सांगते, कारण मला मोठ्या मापाचा मास्क दिला होता आणि ज्यांनी दिला ते तीन आठवडे ‘जरा घट्ट करा’ एवढंच म्हणत राहिले. नाकाचं कातडं निघालं. मग दुसऱ्या ठिकाणच्या एका तंत्रज्ञ मुलीने कागदी माप माझ्या नाकाशी धरलं आणि एक माप लहान गादी लावून दिली. त्या रात्री मी सहा तास झोपले. तीन आठवड्यांचा त्रास एका गादीचा होता. तेव्हा तुम्ही विक्रेत्याला फोन करून ‘मास्क बदला’ एवढंच म्हणू नका. ‘माप घ्या’ म्हणा. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कचं माप नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खाली, तोंड किंचित उघडं ठेवून घेतात. काही मास्कच्या खोक्यात तिन्ही मापांच्या गाद्या आलेल्या असतात, खोकं फेकलं नसेल तर आधी तेच उघडून बघा. नाकावरची जखम भरेपर्यंत वरचा पट्टा सैल ठेवा. जखम चिघळली तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक विचारते. तुम्हाला हा मोठाच मास्क का दिला? आपल्याकडे पुष्कळदा सगळ्यांना तोच देतात. नाक मोकळं असणाऱ्याला फक्त नाकावर बसणारा छोटा मास्क सहसा जास्त सोसतो. त्याची कड लहान म्हणून गळायला जागा कमी, आणि बहुतेकांना दाबही कमी पुरतो. मोठा मास्क खालचा जबडा मागे रेटतो, ते आपल्या आजाराला उलटंच. तुम्ही घरी एक बघा : जागेपणी तोंड बंद ठेवून पाच मिनिटं अंगणात फेऱ्या मारा. नाकाने श्वास पुरला तर डॉक्टरांना म्हणा, मला नाकाचा मास्क लावून बघायचा आहे. नाक चोंदलेलं असेल तर आधी नाकाचा इलाज. मिठाच्या पाण्याचा स्प्रे दुकानात मिळतो, तो झोपण्याआधी मारायला हरकत नाही. औषधी स्प्रे मात्र डॉक्टरांना विचारूनच. नाक झटक्यात उघडणारे जे थेंब मिळतात ते चार-पाच दिवसांपुढे वापरू नका, त्यांनी नाक उलट जास्त चोंदतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी हाड वाकडं आहे असं सांगितलं असेल तर तेही झोपेच्या डॉक्टरांना कळवा.

मिशा आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. दाट असतील तर नाकाच्या मास्कची कड वरच्या ओठावर नीट बसत नाही. पण नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन छोट्या उशा असलेला मास्क मिळतो, तो मिशांना जुमानत नाही. मिशा काढायची गरज नाही. दाढी वाढवलेली असेल तर मात्र मोठा मास्क गळणारच.

दुसरं मूळ : दाबाची मर्यादा. मला शंका आहे की तुमचं मशीन ४ ते २० दाबावर सोडलेलं आहे. ऑटो म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन कारखान्यातून बहुधा तसंच येतं, आणि देणारे ते तसंच ठेवून मोकळे होतात. चारचा दाब धिप्पाड माणसाला पुरत नाही, मास्कमध्ये हवाच नाही असं वाटतं. तुम्हाला सुरुवातीलाच गुदमरतं ते बहुतेक यामुळे. पुष्कळ जण याचा उलटा अर्थ लावतात, हवा जास्त झाली म्हणून जीव घाबरतोय असं समजतात. मशीनवर रॅम्प नावाची सोय असते, तीत दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढतो. ती सोय चांगली, पण रॅम्प चारपासून सुरू होत असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं तुमची ओढाताणच. आणि वरची मर्यादा २० ठेवली तर गळतीमुळे गोंधळून मशीन मध्यरात्री नको तेवढा दाब चढवू शकतं. मग मास्क आणखी गळतो, आणि हवा घशातून अन्ननलिकेत शिरून पोट फुगतं. तुमचा गॅस म्हणजे गिळलेली हवा असणार.

हे आकडे तुम्ही स्वतः बदलू नका. तो इलाजाचा भाग आहे आणि डॉक्टरांचं काम आहे. पण डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचाराच. किमान दाब चारवरून वाढवता येईल का? रात्रीचा बहुतांश वेळ मला किती दाब लागतो ते रिपोर्टात बघून वरची मर्यादा खाली आणता येईल का? आणि श्वास सोडताना दाब किंचित कमी करणारी सोय चालू आहे का? रेसमेडच्या मशीनवर तिला ईपीआर म्हणतात, १ ते ३ अशा पायऱ्या असतात. इतर कंपन्यांत नाव वेगळं, काम साधारण तेच. मशीनमध्ये कार्ड असतं किंवा मोबाइलवर जोडणी असते, त्यावर प्रत्येक रात्रीची नोंद सापडते. डॉक्टरांकडे जाताना मशीन किंवा कार्ड बरोबर न्या. बारा रात्रींची नोंद तुमच्या कपाटात पडून आहे, ती वाया घालवू नका. पोटाच्या फुगण्यावर तोवर एवढं करा : रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि उशाकडची बाजू थोडी उंच करून डाव्या कुशीवर झोपा.

गुदमरण्याचा एक भाग मनाचाही असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. तोंडावर काही बांधून अंधारात पडलं की कुणाचाही जीव घाबरतो. त्याला सराव लागतो, आणि तो झोपेच्या वेळी करायचा नसतो. दुपारी बातम्या बघताना नुसता मास्क हातात धरून चेहऱ्याला लावा, नळी नाही, पट्टे नाहीत. दोन दिवसांनी पट्टे. मग नळी जोडून मशीन चालू, खुर्चीत बसून, पंधरा-वीस मिनिटं. मग आडवे. आठवडाभरात मेंदूला कळतं की यात धोका नाही. लाइट गेली तर गुदमरून मरेन का, ही धास्ती पुष्कळांना असते. नाक-तोंडाच्या मास्कला एक झडप असते, मशीन बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं.

झोपेत मास्क काढून टाकणं हे पहिल्या महिन्यात फार जणांचं होतं. गळती आणि दाब सुधारले की ते बहुतेक आपोआप कमी होतं. जाग आली आणि मास्क हातात दिसला तर परत लावा, किती वाजलेत ते बघू नका. वहिनींना जाग आली तर त्यांनी हलकेच उठवावं. मास्क आपल्या नकळत निघतो, त्यात कुणी रागावण्यासारखं काही नाही.

तिसरं मूळ सगळ्यात सोपं : पाणी. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या, भांड्यातली वाफ गार नळीत शिरली की तिचं पाणी होतं, तीच गुडगुड. तुमच्याकडे आता थंडी चांगलीच पडली असेल. मशीन अंथरुणाच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे न येता भांड्याकडे उतरेल. पण जमिनीवर नको, धूळ ओढली जाते. नळी गोधडीच्या आतून घ्या, किंवा वहिनींना जुन्या लुगड्याची नळीएवढी लांब पिशवी शिवायला सांगा. माझ्या नळीला अशीच सुती पिशवी आहे. तरी पाणी आलंच तर ओलाव्याचा आकडा एकाने कमी करा, हा आकडा तुम्ही स्वतः बदलू शकता. तोंड सुकतं तेव्हा ओलावा वाढवायचा आणि पाणी साचतं तेव्हा कमी करायचा, अशी ओढ असते. म्हणून आधी गळती थांबवा, मग ओलावा ठरवा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही बिघडतं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा ओलावा आणखी खाली आणावा लागेल.

भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, औषधाच्या दुकानात मागा. बोअरचं पाणी घातलंत तर पंधरा दिवसांत भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी नको, ते श्वासात जावं म्हणून बनवलेलं नसतं. कधी डिस्टिल्ड संपलंच तर फिल्टरचं पाणी उकळून गार करून एका रात्रीपुरतं चालेल. उरलेलं पाणी रोज सकाळी फेका, भांडं उघडं ठेवून वाळू द्या. आणि पाणी भरलेलं असताना मशीन उचलून इकडेतिकडे नेऊ नका, पाणी मोटरीत गेलं तर दुरुस्ती महागात पडते. मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. डेटॉल, स्पिरिट नको. वाळवायची सावलीत. नळी आठवड्यातून एकदा.

एका गोष्टीकडे फार थोडे जण लक्ष देतात. हे मशीन खोलीतली हवा ओढून तुमच्या घशात सोडतं. मग ज्या खोलीत ते चालू आहे तिथे डासांची कॉइल, उदबत्ती, धुरी, चुलीचा धूर चालणार नाही. मच्छरदाणी लावा. मागचा पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, करडा झाला की बदलायचा. तुमच्याकडे धुरळा जास्त, तेव्हा महिन्याला एक धरा.

नळीला भोक तर नाही ना, तेही एकदा पाहा. मशीन सुरू करून नळीचं टोक तळहाताने बंद करा आणि नळीभर कान फिरवा. उंदराने कुरतडलेली नळी मी पाहिली आहे. पाण्याच्या भांड्याचं झाकण आणि त्याचं रबर नीट बसलं नसेल तरी तिथून हवा सुटते आणि आवाज येतो.

जुनं मशीन स्वस्तात घ्यावं का, असंही लोक विचारतात. तुम्ही विकायला काढलं तर घेणाराही मिळेल. म्हणून सांगते : फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली बरीच सीपॅप मशीन परत मागवली होती. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. वापरलेलं मशीन घेणाऱ्याने त्याचा क्रमांक त्या यादीत आहे का, हे आधी तपासायला हवं.

आता घरातल्या एका गोष्टीची चौकशी करा. तुमच्या मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या चकत्या असतील, आणि तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्या कुणाच्या छातीत पेसमेकर किंवा मेंदूत क्लिप बसवलेली असेल, तर तो मास्क बदलून साध्या क्लिपांचा घ्या. चुंबक अशा उपकरणांपासून निदान सहा इंच लांब हवं, आणि झोपेत अंतर कोण मोजणार?

मशीन परत सुरू कराल त्या रात्रीपासून सकाळी पडद्यावरचे तीन आकडे वहीत लिहा : किती तास वापरलं, गळती किती, एएचआय किती. गळती काही मशीनवर हसऱ्या चेहऱ्याने दाखवतात, काहींवर लिटरमध्ये. रेसमेडवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली तर जास्त समजतात. एएचआय ४२ वरून पाचच्या आत यायला हवा. आठवडाभर गळती कमी असूनही तो दहाच्या वर राहिला तर फोन करा, वाट बघू नका. घसा उघडा असूनही मेंदू श्वास घ्यायला विसरतो, असा एक प्रकार थोड्या जणांत मशीन सुरू केल्यावर दिसतो, तो डॉक्टरच ओळखू शकतात. छातीत दुखणं, वारंवार नाकातून रक्त, कान ठणकणं, डोळे लाल होऊन राहणं, यातलं काही झालं तरीही फोन. आणि एका वेळी एकच बदल करा, निदान दोन रात्री. माप, ओलावा, रॅम्प सगळं एकाच रात्री बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दारू घेत असाल तर निदान हे तीन आठवडे बंद ठेवा. तिने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

वस्तीवर लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर उपयोगी पडतो. पण वीज सगळ्यात जास्त खातं ते पाणी तापवणं. लाइट गेल्यावर ह्युमिडिफायर बंद करून नुसतं मशीन चालवा. चांगल्या बॅटरीवर रात्र निघते.

वाशीच्या त्या तासाभराबद्दल. हो, तेव्हाही लावायचं. डोळा लागला की घसा सैल पडतो, मग ती रात्र असो, दुपार असो किंवा मार्केटच्या आवारातली डुलकी असो. तुम्ही घरी दिवसा झोपता तेव्हाही लावायचं, आणि माघारी येताना गाडी चालवायची असते म्हणून त्या तासाची झोप उलट जास्त महत्त्वाची. तुमच्या मशीनच्या मॉडेलसाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो का, ते विचारा. टेम्पोची बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ ची, ते आधी सांगा. पाण्याचं भांडं रिकामं ठेवा. बॅटरी धड असेल तर तासाभराने ती उतरत नाही, म्हणून इंजिन चालू ठेवायची गरज नाही, आणि ठेवूच नका. बंद केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसं धुराच्या वायूने गेल्याची उदाहरणं आहेत. काच दोन बोटं खाली ठेवा. कन्व्हर्टर मिळेपर्यंत पाठीवर न झोपता कुशीवर पडा.

तीन आठवड्यांनी ती वही समोर घेऊन मला परत लिहा. गाडी सध्या कोण चालवतंय, तेही लिहा.